मॅडम, हे मशरूम चालते काय?

नागपूरच्या मेडिकल चौकाजवळ औषधाचे दुकान चालवले की दोन गोष्टी पाठ होतात: डॉक्टरांची अक्षरे आणि पेशंटच्या पिशव्या. चिठ्ठी हातात असते, पण खरी हकीकत पिशवीत असते. कोणाच्या पिशवीत अंगाऱ्याची पुडी, कोणाच्या पिशवीत इतवारीतून आणलेल्या काष्ठौषधी, आणि गेल्या काही वर्षांत बऱ्याच जणांच्या पिशवीत एक चकचकीत बाटली. गॅनोडर्मा. चीनमध्ये लिंगझी आणि जपानमध्ये रेशी म्हणतात ते हेच, लाकडासारखे टणक, वरून लाखेचे पॉलिश केल्यासारखे तांबूस मशरूम. त्याची कॅप्सूल मिळते, कॉफी मिळते, साबण मिळतो, टूथपेस्टही मिळते. मी यातले काही विकत नाही, पण विचारायला लोक माझ्याकडेच येतात. विकणारा गुण सांगून निघून जातो, रात्री साडेनऊला शटर अर्धे खाली असताना "मॅडम, हे चालते काय?" हा प्रश्न औषधवाल्याच्या वाट्याला येतो. तर त्या प्रश्नाची उत्तरे देता देता जे कळले, ते हे.

१. चिठ्ठीआधी पिशवी पाहावी

उमरेडकडचे एक काका माझे जुने गिऱ्हाईक. हृदयाची झडप बदललेली, त्यामुळे रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्माची. एकदा काकू एकट्याच काउंटरवर आल्या. "यांच्या हिरड्यातून रक्त येऊन राहिलं, चूळ भरायचं काही द्या." काका बाहेर स्कूटरवर बसले होते. मी बाहेर गेले आणि त्यांना शर्टाची बाही वर करायला लावली. कोपरापासून मनगटापर्यंत निळेजांभळे डाग. मार लागल्याचे आठवत नव्हते.

"नवीन काही सुरू केलं काय?"

"काही नाही."

काकूंनी हळूच पिशवीतून बाटली काढली. "हे तं औषध नाही न मॅडम, हे मशरूम आहे."

चूळ भरायचे औषध मी दिले नाही, आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासायला पाठवले. तो हवा त्यापेक्षा बराच वर निघाला. डॉक्टरांनी कॅप्सूल थांबवल्या आणि गोळीचे प्रमाण पुन्हा बसवले. हे सगळे मशरूममुळेच झाले असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. त्याच आठवड्यात काकांनी घशासाठी अँटिबायोटिकही घेतली होती, आणि काही अँटिबायोटिकही आयएनआर वाढवतात. पण गॅनोडर्मा प्लेटलेट एकमेकांना चिकटण्यात अडथळा आणू शकतो, त्यामुळे रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत तो घेणे म्हणजे जोखीम. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांनाही तेच लागू. बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या सुरू असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये. आणि ज्यांची किडनी बदललेली आहे त्यांना मी हात जोडून सांगते: तुमच्या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबून ठेवण्यासाठी आहेत, आणि या बाटलीवर तीच शक्ती वाढवण्याची जाहिरात आहे. दोन्ही एकाच पोटात कशाला?

"औषध नाही न" हे वाक्य मी फार ऐकते. डॉक्टर "दुसरे काही घेता का" असे विचारतात तेव्हा लोक खरेच "नाही" म्हणतात, आणि त्यांच्या मते ते खोटे बोललेले नसतात. म्हणून मी प्रश्न बदलला. आता विचारते, "सकाळपासून रात्रीपर्यंत तोंडात काय काय जाते?" मग काढे निघतात, पावडरी निघतात, कॉफीही निघते.

२. हे मशरूम थोतांड नाही

हे मी विकणाऱ्यांच्या बाजूने सांगत नाही, पण खरे ते खरे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या जाणाऱ्या 'शेननोंग बेनत्साओ जिंग' या चिनी औषधीग्रंथात लिंगझी सर्वांत वरच्या वर्गात आहे, तेही सहा रंगांत. सोळाव्या शतकात ली शिझेनने आपल्या मोठ्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. चीनच्या अधिकृत औषधकोशात ते २००० च्या आवृत्तीपासून आहे. जंगलात ते विरळाच सापडायचे, म्हणून राजेरजवाड्यांचे मानले जायचे; विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची लागवड जमली तेव्हा ते सामान्यांपर्यंत आले.

अमरावती रोडवर विद्यापीठाच्या फार्मसी विभागात शिकताना आम्हाला वनस्पतिज औषधांचा एक सोपा नियम सांगत: आत काय आहे ते आधी बघा, गोष्ट नंतर ऐका. त्या नियमानेही गॅनोडर्मा रिकामा नाही. त्यात बीटा-ग्लुकन नावाच्या लांब साखळीच्या शर्करा आहेत, ज्यांच्यामुळे रोगप्रतिकारक पेशी जाग्या होतात. आणि गॅनोडेरिक आम्लांसारखी ट्रायटर्पेनॉइड आहेत, त्यांच्यामुळे ते कडूजहर लागते. या द्रव्यांवर प्रयोगशाळेत ढीगभर काम झाले आहे.

गोम पुढे आहे. पेशी बशीत जाग्या होणे निराळे आणि रमेशनगरच्या आजोबांचा गुडघा दुखायचा थांबणे निराळे.

३. पुरावा मागायचा तो माणसांवरचा

जगभरच्या चाचण्या गोळा करून चाळणी लावणारी कॉक्रेन नावाची संस्था आहे. तिने गॅनोडर्माकडे दोनदा नीट पाहिले. कर्करोगाच्या आढाव्यात (२०१२, सुधारित २०१६) ५ चाचण्या आणि ३७३ रुग्ण होते. केमो किंवा रेडिएशनच्या जोडीला ज्यांनी गॅनोडर्मा घेतला, त्यांच्यात उपचाराला प्रतिसाद मिळण्याचे प्रमाण थोडे जास्त दिसले. एकट्या गॅनोडर्माने गाठ लहान झाल्याचे दिसले नाही. चाचण्या लहान होत्या, त्यांची आखणीही यथातथाच. मुख्य उपचार म्हणून हे वापरावे असा आधार मिळत नाही, असा निष्कर्ष निघाला.

दुसरा आढावा २०१५ चा, हृदयविकाराला कारण ठरणाऱ्या गोष्टींवर. तिथेही ५ चाचण्या, ३९८ माणसे. टाइप टू मधुमेहाच्या रुग्णांना साखर, बीपी किंवा कोलेस्टेरॉलसाठी याचा फायदा होतो असे त्यातून निघाले नाही. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत ८४ मधुमेहींना १६ आठवडे कॅप्सूल दिल्या, कोणाला खऱ्या तर कोणाला पोकळ. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, त्यात फरक पडला नाही.

हे आकडे मी एका कागदावर मराठीत लिहून काउंटरच्या काचेखाली ठेवले आहेत. वाद घालायला वेळ नसतो. कागदावर बोट ठेवते.

४. कॅप्सूल सुरू झाली यापेक्षा गोळी बंद झाली हे वाईट

निवृत्त शिक्षक, हनुमाननगरचे. दर महिन्याला मेटफॉर्मिन न्यायचे, ते दोन महिने फिरकले नाहीत. मला वाटले दुसरे दुकान धरले. तिसऱ्या महिन्यात आले ते पायाच्या अंगठ्याला पट्टी बांधून. जखम भरत नव्हती. गोळ्या बंद करा असे त्यांना कोणी स्पष्ट सांगितले नव्हते म्हणे. एवढेच सांगितले होते की "हळूहळू गोळ्यांची गरजच राहत नाही". गुरुजी हिशेबी माणूस. कॅप्सूलचे महिन्याचे दोन-अडीच हजार आणि वर गोळ्यांचे, असे दोन्ही खर्च कशाला, म्हणून त्यांनी स्वस्त ते बंद केले आणि महाग ते ठेवले.

अंगठा वाचला. पण माझ्या लक्षात हे राहिले की नुकसान बाटलीतल्या पावडरीने नव्हे, तिच्यामुळे काढून टाकलेल्या स्वस्त गोळ्यांच्या पट्टीने झाले. बीपीच्या, थायरॉइडच्या, फिटच्या गोळ्यांचे तेच. फिटची गोळी तर एकदम बंद करणे म्हणजे आगीशी खेळ.

आपल्या विदर्भात आणखी एक आहे. एका माहितीपत्रकावर आजारांची छापील यादी होती, ३० तरी असतील, आणि तळाशी कोणीतरी पेनाने लिहिले होते: सिकलसेल. ते पत्रक घेऊन आलेली आई भंडाऱ्याकडची होती, मुलगा अकरा-बारा वर्षांचा. त्याला सिकलसेलवरचे हायड्रॉक्सियुरिया सुरू होते, त्याचे दुखण्याचे झटके कमीही झाले होते. तिला फक्त विचारायचे होते की हे बंद करून ते चालेल का. मी स्पष्ट नाही म्हटले. ती यादी पेनाने वाढवणाऱ्याला सिकलसेल काय असते ते माहीत असते, तर हात थरथरला असता.

५. "साइड इफेक्ट नाही" म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नये

ज्याचा काहीच दुष्परिणाम नाही त्याचा परिणामही बहुधा नसतो. गॅनोडर्माने बहुतेकांना फार तर मळमळ होते, तोंड कोरडे पडते, पोट ढिले होते, अंगाला खाज सुटते. पण २००४ मध्ये हाँगकाँगमधून आणि २००७ मध्ये थायलंडमधून यकृताला इजा झाल्याच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. थायलंडमधली रुग्ण दगावली. दोन्हीकडे पावडरीचा संबंध आला होता. असे क्वचित घडते, पण ज्याचे लिव्हर आधीच नाजूक आहे त्याने हा जुगार खेळू नये. डोळे पिवळे, लघवी गडद, भूक मेलेली, असे काही दिसले की बाटली त्या क्षणी बंद.

६. बाटलीत काय आहे ते बाटलीवरून कळत नाही

अमेरिकेत विकत घेतलेल्या गॅनोडर्माच्या १९ नमुन्यांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. लेबलवर जे लिहिले होते ते आत सापडले फक्त ५ नमुन्यांत. बाकीच्यांत ओळखीची ट्रायटर्पेनॉइड नव्हती किंवा शर्करांचा नमुना जुळत नव्हता. पिष्ट भरपूर होते. कारण सरळ आहे. मशरूमचा तो टणक भाग वाढायला महिने लागतात. त्याऐवजी त्याचे पांढरे जाळे धान्यावर वाढवायचे आणि धान्यासकट दळायचे, हे काम झटपट होते.

दुकानात मी एक खेळ करते. बशीत कॅप्सूल उघडायची, पावडर चमचाभर पाण्यात कालवायची आणि जखमेला लावायच्या आयोडीनचा एक थेंब टाकायचा. पिष्ट असले की थेंब पडतो तिथे निळसर काळा डाग पसरतो. एका गृहस्थांनी अभिमानाने आणलेल्या महागड्या बाटलीतली कॅप्सूल अशी काळीठिक्कर झाली. त्यांनी बशी उचलून प्रकाशात धरली, पुन्हा ठेवली. "म्हणजे ज्वारी खाऊन राहिलो काय मी?" ज्वारी, तांदूळ की गहू ते आयोडीन सांगत नाही. कॅप्सूलमध्ये भरणा म्हणूनही पिष्ट घालतात, तेव्हा काळे झाले म्हणजे बनावट असेही नाही. आणि काळे नाही झाले म्हणजे गुणकारी असेही नाही. पण प्रश्न विचारायला एवढे पुरते.

जीभही सांगते. खरा गॅनोडर्मा कडू असतो. पावडर गुळमट किंवा बेचव लागली तर शंका घ्यावी. आणि थोडी बेरीज करावी: चिनी औषधकोशात वाळलेल्या मशरूमचे दिवसाचे प्रमाण ६ ते १२ ग्रॅम आहे, तेही काढा करून. तीनशे मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सूल म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या वर थोडे. अर्क असेल तर किती पट दाट केलेला आहे ते लेबलवर हवे. नसेल तर तुम्ही आकड्याचे नव्हे, डब्याचे पैसे देताय. एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक पाहा. तो असला तरी त्याचा अर्थ हे अन्न म्हणून विकायला परवानगी आहे एवढाच, औषध म्हणून नव्हे.

७. गुलमोहराच्या बुंध्याचे मशरूम घरी आणू नये

पावसाळ्यात कोणीतरी ते आणतेच. सिव्हिल लाइन्समध्ये फिरायला जाणारे एक साहेब रुमालात बांधून घेऊन आले होते, पंख्यासारखे, तळहाताएवढे. वरून तपकिरी, खालून पांढरट, बोट दाबले की खालच्या बाजूला तपकिरी ठसा उठतो. "इंटरनेटवर पाहिले, हेच ते. फुकट मिळाले." त्याच कुळातले असेलही. गॅनोडर्माच्या कित्येक जाती आपल्याकडे गुलमोहर, शिरीष, बाभूळ, शिसम यांच्या मुळाबुंध्यावर येतात, नारळाच्या झाडाला तर याचाच रोग मारतो. पण जात ओळखणे तज्ज्ञांनाही जड जाते. ज्या नावाने हे औषध शतकभर विकले गेले ते नाव १७८१ मध्ये इंग्लंडमधल्या नमुन्याला दिले होते, आणि चीनमधली लागवडीची जात वेगळी आहे हे २०१२ मध्ये नव्याने मांडावे लागले. रुमालातल्यावरून तुम्ही-आम्ही काय ठरवणार? शिवाय रस्त्याकडेची बुरशी धूर, शिसे, फवारे सगळे शोषून घेते.

साहेबांना मी म्हटले, याचा उपयोग आहे, पण वेगळा. ज्या झाडाच्या बुंध्याला हे दिसले त्याचे खोड आतून कुजत आले असण्याची शक्यता मोठी. मृगाच्या वादळात त्या झाडाखाली गाडी लावू नका आणि महापालिकेला कळवा. त्यांनी कळवले म्हणे.

८. जुने ज्ञान आपल्याकडेही आहे, पण ते मोजके बोलते

"चीनचे कशाला, आपल्या आयुर्वेदात नाही का?" असे एक आजी विचारत. आहे. सुश्रुताने छत्रके कशावर उगवतात यावरून त्यांचे प्रकार सांगितले: पेंढा, ऊस, शेण, बांबू आणि जमीन. कोकणात फणसाच्या झाडावर येणारा फणसोंबा सहाणेवर उगाळून हिरड्यांना आणि तोंड आलेल्याला लावतात, लहान मुलांची लाळ फार गळत असली तरी लावतात. हा फेलिनस कुळातला आहे, आणि कोरिया-जपानमध्ये त्याच्याच जवळचे एक मशरूम औषधात मानाचे आहे. पुण्याच्या अभ्यासकांनी १९९० च्या दशकात या वापराची नोंद केली.

त्या नोंदीतला फणसोंबा काय करतो? उगाळतात, बाहेरून लावतात, दोन-चार तक्रारींपुरता. तीस रोगांची यादी नाही. आपल्या गोंदिया-गडचिरोलीकडे श्रावणात सात्या नावाची मशरूम येतात, लोक त्यावर तुटून पडतात, भावही चढा असतो. पण ओळखीच्या जागेवरचे, ओळखीच्या माणसाने तोडलेले असेल तरच घेतात, आणि ते खातात भाजी म्हणून. मला हे शहाणपण जास्त पटते.

९. विकणारा घरचाच असतो, म्हणून नाही म्हणणे जड जाते

बाटली दुकानातून येत नाही. ती आत्येभावाकडून येते, शेजारच्या वहिनींकडून येते, बँकेतल्या जुन्या सहकाऱ्याकडून येते. त्यांच्या साखळीत आणखी माणसे जोडली की त्यांना कमिशन. यात वाईट हेतू नेहमीच असतो असे नाही. अनेकजण स्वतः खातात आणि मनापासून सांगतात. त्यामुळेच ते पटते.

कायदा मात्र स्पष्ट आहे. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्यात ५४ आजारांची यादी आहे. कर्करोग, मधुमेह, रक्तदाब त्यात आहेत. हे बरे करतो अशी जाहिरात करता येत नाही, आणि जाहिरातीच्या व्याख्येत तोंडी घोषणाही येते. थेट विक्रीचे २०२१ चे नियम म्हणतात की विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ घेतल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जाऊ नये. आत्येभावाला ओळखपत्र मागायची हिंमत कोणात आहे! पण पक्के बिल मागता येते. मी गिऱ्हाइकांना तेच सुचवते: भांडू नका, "बिल दे, डॉक्टरांना दाखवून सांगतो" म्हणा. बिल म्हटले की अर्ध्या बाटल्या परत जातात.

१०. कर्करोगाच्या घरात भाषण देऊ नये

तुकडोजी पुतळ्याजवळचे कर्करोग रुग्णालय असो की जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, नागपूरला बालाघाट, छिंदवाडा, आदिलाबादपासून माणसे येतात. त्यांच्या पिशवीत बाटली असली की माझी वरची सगळी बडबड मी गिळते. एका तरुणाने बहिणीसाठी आणलेली बाटली काउंटरवर ठेवली आणि काही न बोलता उभा राहिला. चौथी केमो झाली होती, पांढऱ्या पेशी खाली गेल्या होत्या. गावाकडे वर्गणी काढून ही बाटली घेतली होती. आता त्याला ३७३ रुग्णांचा आकडा सांगून मी काय साधणार होते?

मी एवढेच विचारले, "केमो चुकवणार नाही न?" "नाही." "मग ही बाटली उद्या ओपीडीत डॉक्टरांच्या टेबलावर ठेव. लपवू नको. ते थांबा म्हणाले तर केमो संपेपर्यंत थांबायचे." तो म्हणाला, डॉक्टर रागावतील. रागावले तर रागावतील. पण पेशी आणि लिव्हरचे रिपोर्ट वाचताना त्यांना हे माहीत पाहिजे. गॅनोडर्माबद्दल जो थोडाफार चांगला पुरावा आहे तो केमोच्या जोडीने घेतल्याचा आहे, केमोऐवजी घेतल्याचा नाही, हेही त्याला सांगितले. डॉक्टरांनी तेव्हा थांबवले. रागावले नाहीत.

११. आता थोडे कामाचे

ऑपरेशन ठरले असेल, अगदी दात काढायचा असला तरी, निदान दोन आठवडे आधी हे बंद करावे आणि तसे डॉक्टरांना सांगावे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी घेऊच नये. निरोगी माणसाला हौसेने घ्यायचे असेल तर त्याच्या खिशाचा प्रश्न. माझ्याकडे कोणी विचारले तर मी त्या पैशात अंडी, डाळ आणि हंगामात संत्री घ्यायला सांगते.

आणि कशानेही त्रास झाला, डाग उठले, डोळे पिवळे झाले, तर बाटली फेकू नका. झाकणासकट, लेबलसकट, बॅच नंबरसकट ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. औषधांचे दुष्परिणाम कळवायला सरकारची फुकट हेल्पलाइन आहे: १८००-१८०-३०२४. नोंद पेशंटलाही करता येते, त्यासाठी डॉक्टरच लागतो असे नाही. नंबर मोबाइलमध्ये आत्ताच टाकून ठेवा.